चीक थंड व्हायच्या आत

कुरडईचा चीक शिजला की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. नाकाला थोडं कळतं, कानाला त्याहून जरा जास्त, पण शेवटचा शब्द बोटाचा. आमच्या पांझरेकाठच्या गावात असं बोट एकाच बाईचं होतं आणि ती माझी माय होती. मुलीने आईची स्तुती केली तर त्यात काय नवल, असं कुणी म्हणेल. पण मी जन्माची फटकळ. तीस वर्षं धुळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवलं, आणि माझ्या तोंडून 'छान' हा शब्द ऐकायला मुली दहावीपर्यंत वाट बघत. तेव्हा मी एखाद्याला चांगलं म्हणते तेव्हा ते तपासूनच म्हणते, एवढं धरून चालायला हरकत नाही.

आमच्या घरात माणसं पाच. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, त्यांची बायको मोठी माय, माझी माय, माझी मोठी बहीण अक्का आणि मी. वडील मी रांगत असतानाच तापाने गेले. त्यांचा चेहरा मला आठवत नाही, आणि घरात त्यांचा फोटोही नव्हता. नानांनी आणि मोठ्या मायने आम्हाला कधी परकं मानलं नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मोठी माय जरा आडदांड वाटेल. ती होतीच आडदांड. मळ्यात मोट चालायची तेव्हा नाडा धरायला ती पुरुषांच्या बरोबरीने उभी राही, आणि तिने गल्लीच्या या टोकाला हाक मारली की त्या टोकाची कुत्री उठून बसत. तिला मूलबाळ नव्हतं. अक्कावर तिचा इतका जीव होता की अक्काला ठेच लागली तर ती दगडाला शिव्या देई. माय मोठ्या मायला जिजी म्हणे आणि तिच्यापुढे कधी आवाज चढवत नसे. तसा मायचा आवाज कुणापुढेच चढत नसे. पहाटे जात्याची घरघर, मग परातीत कळण्याची भाकरी थापल्याचा थपथप आवाज, त्यावर मोठ्या मायची नानांना उठवणारी गर्जना, एवढं झालं की आमचा दिवस उजाडला म्हणायचा.

चैत्र लागला की गल्लीत आंबूस वास सुटे. आज मुली नाक मुरडतात, पण मला तो वास अजून आवडतो. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी पाट्यावर वाटून फडक्यातून गाळायचे. गाळलेलं रात्रभर तसंच ठेवलं की सकाळी वर पिवळट पाणी आणि तळाशी पांढराशुभ्र चीक बसलेला असे. पाणी ओतून द्यायचं, चुलीवर आधण ठेवायचं, त्यात मीठ, हिंग, आणि मग चीक धारेने ओतत लाकडी चाटूने घोटत राहायचं. बघता बघता त्या दुधासारख्या पाण्याचा एकदम गोळा व्हायला लागे, चाटू जड होई, आणि घोटणारीच्या कपाळावरून घाम गळे. आम्ही पोरी पितळ्या घेऊन रांगेत बसलेल्या. गरम चिकावर कच्चं तेल आणि तिखट, किंवा तूप आणि गूळ. मी तेल-तिखटवाली होते, अक्का तूप-गूळवाली. स्वभावही तसेच, असं नाना म्हणत.

तर अशा वेळी गल्लीतून हाक येई, "भागाबाई, जरासा बोट लाई जा वं!" माय हातातलं काम ठेवून जाई. तिथे गेल्यावर ती चिकाकडे बघतसुद्धा नसे. आधी तांब्यातल्या गार पाण्यात दोन बोटं बुडवायची, मग ती चिकावर पाठीकडून हलकेच टेकवायची, मान वर करून आढ्याकडे बघायचं, आणि म्हणायचं, "आखो एक वाफ," म्हणजे आणखी एक. किंवा, "उतार आते," आता उतरव. बस. याहून जास्त बोलणं नाही. पण तिचे काही नियम होते आणि ते तिने कुणासाठी मोडले नाहीत. तपेलं चुलीवरून उतरवलं की उकळत्या पाण्याच्या घंगाळात ठेवायचं आणि वर ओलं फडकं टाकून झाकायचं. वारा येईल अशा जागी बसायचं नाही. आणि सोऱ्या, तो लाकडी दांड्याचा आणि पितळी चकतीचा, आधी कढत पाण्यात बुडवून तापवून घ्यायचा, मगच त्यात चीक भरायचा. मी एकदा विचारलं की सोऱ्याला कशाला आंघोळ? ती हसली. "ऊन शे तवलोंग चीक पयस," ती म्हणाली. "थंडा व्हयना का मंग रुसस." गरम आहे तोवर पळतो, गार झाला की रुसतो.

या एका वाक्यावर मी पुढे आख्खा तास घेत असे. पिठीचे कण गरम पाण्यात फुगतात, फुटतात आणि त्यांच्यातले लांबच लांब धागे बाहेर येऊन पाण्याला धरून बसतात. गरम असताना ते धागे एकमेकांवरून सरकतात, म्हणून चीक वाहतो, चकतीच्या भोकांतून सुतासारखा उतरतो. गार होऊ लागला की तेच धागे एकमेकांत गुंततात. मग तो वाहायचं सोडून ताणायला लागतो. थोडा ओढला तर मागे येतो, जास्त ओढला तर तुटतो. आणि एकदा घट्ट झालेला चीक नुसता चुलीवर ठेवून भागत नाही, कारण आच त्याच्यातून वर चढत नाही. बुडाचा करपतो आणि वरचा गार तो गारच. हे सगळं मी पुस्तकात वाचलं तेव्हा मला नवीन काहीच वाटलं नाही, फक्त लिहिणाऱ्याने कधी कुरडया घातल्या नसाव्यात असं वाटलं. नोकरी लागल्यावर एका उन्हाळ्यात शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक मी घरी आणला आणि मायची चक्क परीक्षा घेतली. वेगवेगळ्या तीन दिवशी, वेगवेगळ्या तपेल्यांत, ती "आते" म्हणाली की मी नळी आत बुडवायची. तिन्ही वेळा पारा त्याच रेघेवर जाऊन थांबला. मी आनंदाने ओरडले. माय म्हणाली, "मंग? हाई काचनी नयीले बी कयस वाटतं." काचेच्या नळीलाही कळतं म्हणायचं! तिला त्या नळीचंच कौतुक वाटलं होतं.

पण हे बोट लग्नघरात चालत नसे. लग्नाच्या कुरडयांचा मुहूर्त पाच सवाष्णींनी करायचा, सोऱ्याला हळदकुंकू लावायचं, पाचही जणींनी नवऱ्याचं नाव घ्यायचं आणि मग पहिली कुरडई घालायची. ती अखंड पडली पाहिजे. तुटली तर पोरीचा संसार धड होत नाही, असं बायका म्हणत आणि मनापासून मानत. विधवेचा हात त्या चिकाला लागायचा नाही. मला आज या रिवाजाचा संताप येतो, तेव्हाही यायचा. पण खरी गोष्ट अशी की मायलाही तो रिवाज पटलेला होता. लग्नघरचा चीक असला की बोलावणं येण्याआधी ती स्वतःच सांगून मोकळी होई, "मना हात दुखी राहिना." म्हणजे कुणालाच अवघड वाटायला नको.

मी सातवीत असताना अक्काचं लग्न ठरलं. मुलगा जळगावचा, जिनिंगमध्ये कामाला, शांत आणि सरळ. स्थळ आणलं होतं शेजारच्या जमनाकाकूंनी, त्या मुलाच्या नात्यातल्या. लग्न आठ दिवसांवर आलं तेव्हा कुरडयांचा दिवस धरला. गहू मायने वेगळा काढून ठेवलेला बन्सी; भिजवणं, वाटणं, गाळणं सगळं तिनेच केलं. तोवर तिचा हात चालत होता. मुहूर्ताच्या सकाळी तिने चिकाचं भांडं मोठ्या मायच्या पुढ्यात ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "जिजी, आधी पाच कुरडयास्पुरता शिजाडा. नावं लेवामा येळ जास." मोठ्या मायने हात झटकला. "लगीनघर शे आपलं! बठ्ठा एकदमच चढाडू," आणि सगळाच चीक एकदम चुलीवर चढवला. मग माय मागच्या पडवीत जाऊन बसली. मी तिच्याजवळ बसले, कारण पुढे मला बायकांनी 'मधे मधे नको' म्हणून हाकललं होतं.

पुढे अंगणात खाटेवर नानांचं धुतलेलं धोतर अंथरलं होतं. चीक शिजला, निदान मोठ्या मायला तसं वाटलं, आणि तिने तपेलं उचलून थेट अंगणात आणलं, खाटेशेजारी, जिथे पांझरेवरचा सकाळचा वारा सरळ येतो. सोऱ्या पाटावर मांडलेला, हळदकुंकू लावलेला, दांड्याला लाल दोरा. तो कढत पाण्यात कोण बुडवणार? हळदकुंकू धुऊन गेलं असतं! आणि मग उखाणे सुरू झाले. आमच्याकडे बायका एरवी अहिराणी बोलतात, पण उखाणा मात्र पुस्तकातल्या मराठीत घेतात, जणू नवऱ्याला शहरातून बोलावणं धाडायचं आहे. मोठ्या मायने घेतला, "पांझरेच्या काठी पिकतो बन्सी गहू, सुखदेवरावांचं नाव घेते, शंभर वर्षं राहू." छोटा आणि खणखणीत. दुसरी लाजली, तिला तिघींनी आग्रह केला, मग तिने घेतला. तिसऱ्या जमनाकाकू. त्यांचा उखाणा गणपतीपासून सुरू झाला, विहिरीवर गेला, मळ्यात गेला, गोठ्यातल्या प्रत्येक गाईचा रंग सांगून झाला, मग माजघर, देवघर, आणि नवरा काही येईना. बायका वाहवा करत होत्या. पडवीत माय बोटांनी लुगड्याचा काठ चुरगाळत होती. चौथी आणि पाचवी यांनीही मग ईर्षेने लांबवले.

शेवटी सोऱ्या भरला आणि दांडा दाबला गेला. करकर, करकर असा आवाज आला. माय एकदम ताठ झाली. गरम चिकाचा सोऱ्या आवाज करत नाही, हे मलाही ठाऊक होतं. "चीक थंडा व्हई गया," ती पुटपुटली. पुढे गलका उठला. मी खांबाआडून पाहिलं. चकतीतून जाड, रबरासारखे तुकडे लोंबत होते, धोतरावर पडायच्या आधीच तुटत होते. एकीने सोऱ्याला नावं ठेवली, दुसरीने चकतीला. नाचता येईना अंगण वाकडं. मोठ्या मायने जोर लावला तर दोरा तुटला. जमनाकाकू जरा मागे सरकल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाल्या, "मुहूर्तनी कुरडई तुटनी. हाई काय चांगलं नही." त्यांच्या तोंडून ही गोष्ट जळगावला पोचायला एस.टी.ची सुद्धा गरज पडली नसती. अक्का खाटेपाशी उभी होती. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. ती रडत नव्हती, नुसती त्या तुकड्यांकडे बघत होती, आणि मला त्या क्षणी खरंच वाटलं की हे लग्न आता मोडणार.

माय माझ्या कानाशी लागली. "जाय, सांग मोठी मायले. पाणी टाकू नको म्हना, इस्तोवर बी ठेवू नको. उकयता पाणीमा ठेव, झाकीसन." मी धावले. एकजण तांब्या घेऊन चिकात पाणी ओतायच्याच बेतात होती. तो मी तिच्या हातातून जवळजवळ हिसकावला. मोठी माय माझ्यावर डाफरली, पण तिने तपेलं उकळत्या पाण्याच्या घंगाळात ठेवलं आणि वर फडकं टाकलं. ती कितीही आडदांड असो, मूर्ख नव्हती. थोड्या वेळाने चाटू फिरायला लागला. आता प्रश्न उरला एकच, की काढायचा कधी? लवकर काढला तर पुन्हा तीच गत, उशीर झाला तर चीक मऊ होऊन धोतरावर पसरणार. मायने पडवीतून विचारायला सांगितलं, "बोट लाईसन सांगा, कितलं चटकस?" मी बोट लावलं आणि किंचाळले, "भलतं चटकस!" मोठ्या मायने लावलं, "मले ते काहीच लागत नही." अक्काने लावलं, ती म्हणाली बेताचं आहे. जमनाकाकूंनी लावलंच नाही. मी तीन उत्तरं घेऊन मागे गेले तेव्हा माय हताश झाली. "आठे बशीसन मी कशी सांगू? बोटले कयस, तोंडले नही," ती म्हणाली.

मी हे पुढे जाऊन मोठ्याने सांगितलं. जरा जास्तच मोठ्याने, कबूल करते. तेव्हा अक्का वाकली, पदराने घंगाळाचे कान धरले, आणि ते सगळं ओझं, पाणी, तपेलं, चीक, उचलून पडवीकडे चालू लागली. तिला ते पेलवेना. मोठी माय दोन ढांगांत पुढे आली आणि तिने दुसरा कान धरला. दोघींनी मिळून ते मायच्या पुढ्यात ठेवलं. बाकीच्या बायका मागोमाग दारात येऊन थांबल्या. "माय, तू देख," अक्का म्हणाली.

मायने दोन्ही हात पदराखाली घेतले. आयुष्यात तिला मी कशाला घाबरलेली पाहिलं नव्हतं, साप निघाला तरी ती आधी आम्हाला बाजूला करी. पण त्या दिवशी ती भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकली. "नही वं पोरी. मी हात लावाव नही. तुनं वाईट व्हयनं ते मी कोनाले तोंड दाखाडू?" तपेल्याखालचं पाणी अजून वाफाळत होतं.

मग मोठी माय मायसमोर मांडी घालून बसली. तिने पदराखाली हात घालून मायचा उजवा हात बाहेर ओढला, एखाद्या पोराची मूठ सोडवावी तसा. "मना बोटे नाडा धरी धरी मरी गयात, भागा," ती म्हणाली. इतक्या खालच्या आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "तुना जित्ता शेतस. देवले राग उना ते मना आंगवर येऊ दे. पोर मनी बी शे." तिने तो हात तांब्यातल्या पाण्यात बुडवला आणि स्वतःच्या हाताने चिकावर टेकवला.

मायने डोळे मिटून घेतले होते. पण बोटं टेकताच तिची मान आपोआप वर गेली, आढ्याकडे. भीती कुठल्या कुठे गेली होती. तिथे फक्त माझी माय होती आणि तिचं काम होतं. "आखो दोन वाफा," ती म्हणाली. मोठ्या मायने अंगणातून सोऱ्या आणला, आतला गार चीक काढून टाकला आणि हळदकुंकवासकट तो कढत पाण्यात बुडवला. पाणी पिवळं-लाल झालं. मायने पुन्हा बोट लावलं. "आते."

अक्काने धोतर आणून पडवीतच अंथरलं. मोठ्या मायने सोऱ्या भरला, मायच्या हातात दिला आणि तिच्या हातांवर स्वतःचे हात ठेवले. तेवढ्यात दारातून जमनाकाकू म्हणाल्या, "नाव लेवाशिवाय मुहूर्त कसा व्हई?" हे त्या का म्हणाल्या ते सगळ्यांना कळलं. विधवा उखाणा घेत नाही. म्हणजे इथेच थांबायचं. मायच्या हातांची पकड सुटायला लागली. मोठ्या मायने वर पाहिलंसुद्धा नाही. "मंग लेई ना ती," ती म्हणाली. "भागा, नाव ले. लवकर ले, चीक थंडा व्हई जाई."

मायचे ओठ हलले, पण यमक जुळवायला वेळ नव्हता. विहीर नाही, मळा नाही, पांझरा नाही. "दामोदर," माय म्हणाली, आणि तिने दांडा दाबला. सोऱ्या करकरला नाही. सुतासारखी धार उतरली, गोल फिरत गेली, पुन्हा फिरली, आणि धोतरावर कुरडई अखंड पडली. मोठी माय ओक्साबोक्शी रडायला लागली आणि रडता रडताच दारातल्या बायकांवर ओरडली की उभ्या काय राहिल्यात, खाटा आणा. मी मात्र जागची हलले नाही. शाळेत घातल्यापासून ते नाव मी रोज माझ्या नावापुढे लिहीत आले होते. मायच्या तोंडून ते त्या सकाळी पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली, पण पुन्हा कधी ऐकलं नाही.